छातीतला बिभीषण

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गोजरबाईंच्या घरात कधी कुणाला सर्दी होत नसे. त्यांच्याकडे केरामावशी येत. पावसाळा सरला, हवा फिरली, की घरातलं कुणीतरी नाक ओढत उठायचं आणि म्हणायचं, "आल्या गं केरामावशी." खऱ्या केरामावशी मैंदर्गीच्या. न बोलावता यायच्या, आल्या की आठवडाभर हलायच्या नाहीत आणि बसल्या जागी त्यांच्या गप्पा नुसत्या वाहत असायच्या. नाकातून जे वाहतं त्याला दुसरं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही.

नाकातलं वाळलेलं मेकूड म्हणजे सयाजी. हा चुलत भाऊ, जिथं चिकटेल तिथून निघायचा नाही. मूळव्याध म्हणजे थोरले मामा, कारण बसले की बसले. सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात साचणारी चिपडं म्हणजे खुद्द गोजर, कारण लहानपणी सगळ्यांत उशिरा उठणारी तीच. आणि पोटातला वारा सरला की म्हणायचं, चनमल्लप्पा येऊन गेला.

हा चनमल्लप्पा म्हणजे मैंदर्गीतला शेजारी, गोजरबाईंच्या वडलांचा जिवाचा दोस्त. भजनात त्याचा आवाज असा, की माणूस गल्लीत शिरायच्या आधी आवाज घरात शिरायचा. आपल्या नावाचा काय उपयोग होतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमानच होता. ओसरीवर टेकत तो विचारायचा, "काय येडू, आज किती येळा येऊन गेलो म्या?" वडील तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "दोनदा. एकदा तर लई येळ थांबला व्हतास."

नावं ठेवायची ही रीत वडलांची. येडूबाबांची मेंढरं होती. मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण केल्याशिवाय ते आपलं होत नाही, तसंच माणसाचं, असं ते म्हणायचे. अंगातून जे जे निघतं त्याला आपल्या माणसाचं नाव द्यायचं. परक्याचं द्यायचं नाही. वैऱ्याचं तर मुळीच नाही, त्याचं नाव सकाळी सकाळी तोंडात कशाला. गावच्या सावकाराच्या नावाने शेजारचा पोरगा शेंबडाला हाक मारायला लागला, तेव्हा येडूबाबांनी त्याच्या पाठीत रट्टा घातला होता. एवढा मान त्याला कशाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

आता राहिला बिभीषण. गोजरबाईंचा धाकटा भाऊ. जन्मापासून त्याची छाती भरलेली. हिवाळाभर त्याच्या घशात बेडका अडकलेला असायचा, वर येईना की खाली जाईना. आई मेंढरांमागं, बाप मेंढरांमागं, म्हणून भाऊ बहिणीच्या कमरेवर. ती त्याला पालथा घालायची, पाठीवर थापट्या मारायची, तोंडात बोट घालून तो चिकट गोळा बाहेर काढायची आणि चुलीच्या राखेत टाकायची. एकदा मोठा ऐवज निघाला, तेव्हा ती बापाला म्हणाली, "दादा, ह्यो बघा, दुसरा बिभीषण." बापानं मान डोलावली. त्या दिवसापासून छातीतल्या कफाला त्या घरात बिभीषण म्हणू लागले.

गोजरबाई लग्न होऊन सोलापुरात आल्या त्या ही सगळी मंडळी बरोबर घेऊनच. नवरा गिरणीतला, शांत, लवकर गेला. मग त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत पूर्व भागातल्या पोरांची नाकं पुसत राहिल्या. तिथं एकाच शेंबडाला चार भाषा. तेलुगू पद्मशाली घरातलं पोर 'चीमिडी' म्हणायचं, अक्कलकोटकडचं कानडी पोर 'सुंबळ', बाजूच्या मोहल्ल्यातलं 'रेंट', आणि मराठी पोर काहीच न म्हणता बाही वापरायचं. गोजरबाईंना सगळे शब्द तोंडपाठ. पण ते कामाचे शब्द झाले. घरी आल्यावर नाक गळायला लागलं, की केरामावशीच.

हल्लीच्या लोकांना हे ऐकून शिसारी येते. त्यांच्या पोरांना पॉटी होते, सूसू होते, आणि मोठ्यांना मोशन होतात. इंग्रजीत केलं म्हणजे वास येत नाही, असा त्यांचा काहीतरी समज दिसतो. गोजरबाईंना या लोकांची भीती वाटत नव्हती. भीती वाटली ती एकदाच, आणि तिथंच त्या चुकल्या.

त्यांच्या मुलाचं, भीमाशंकरचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यानं लग्न जमवलं ते बार्शीच्या मुख्याध्यापकांच्या मुलीशी. ऋतुजा नाव. स्वतः शाळेत शिकवणारी, बोलणं स्वच्छ, नखं स्वच्छ, पर्समध्ये हात धुवायची बाटली. गोजरबाईंनी तिला पाहिलं आणि आपले हात पदराला पुसले. ही पोरगी आपल्या घरात शिंकली आणि आपण म्हणालो केरामावशी आल्या, तर ही दार उघडायला जाईल. आणि खरं कळलं तर थेट बार्शीला जाईल.

लग्नाच्या आधी त्यांनी भीमाशंकरला समोर बसवून फर्मान काढलं. "आजपास्नं सगळी नावं बंद. सर्दी म्हनायचं. गॅस म्हनायचं. कफ म्हनायचं."

"आई, मग मला काय झालंय ते मला कळणार कसं?" भीमाशंकरनं विचारलं.

"डॉक्टरला इचार," गोजरबाई म्हणाल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत भाऊबिजेला बिभीषण आला. आता त्याचा टेंभुर्णीला हायवेवर ढाबा होता, चांगला चालणारा. ट्रकवाले त्याला शेठ म्हणत. पण छाती तीच, त्यात धूळ आणि फोडणीचा धूर. आल्या आल्या तो नेहमीसारखा मोरीवर गेला, खाकरला आणि थांबला. दरवर्षी असंच व्हायचं. तो मोरीवर खाकरायचा आणि आतून गोजरबाई ओरडून विचारायच्या, बिभीषण निघाला का रं भाईर? त्यावर तो काहीतरी वंगाळ बोलायचा आणि मग भाऊबीज सुरू व्हायची.

त्या दिवशी आतून आवाज आला, "बिभीषणराव, कफ झालाय का तुमाला? ऋतुजा, मामांना कोमट पानी दे बरं."

बिभीषणनं नळ सोडला. मग चूळ भरून आत आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ताटात साडी ठेवली. जेवायला थांबला नाही. ढाब्यावर माणूस नाही म्हणाला. गोजरबाईंना तेव्हा वाईट वाटलं ते फक्त पुरणपोळ्या राहिल्या म्हणून. बाकी त्या खूश होत्या. सुनेसमोर भावाला केवढा मान दिला, किती नीट बोललो, हे त्या रात्रभर मनात घोळवत होत्या.

पुढच्या भाऊबिजेला साडी आली, भाऊ आला नाही. फोन केला की तो म्हणायचा, "मी बरा आहे अक्का. तुमची तब्येत कशी आहे?" अक्के आणि तू म्हणणारा माणूस अक्का आणि तुम्ही म्हणू लागला. बोलणं असं धुतल्यासारखं, की गोजरबाई फोन ठेवून फोनकडेच बघत बसायच्या. ढाब्याची हवा डोक्यात गेली, असं त्यांनी ठरवून टाकलं. मोठा झाला. होऊ दे.

मग यंदा त्याच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं लग्न ठरलं. लग्नात आत्याचा मान असतो. भाऊ स्वतः येतो, कुंकू लावतो, अक्षता ठेवतो आणि मग बहीण उगाच आढेवेढे घेत हो म्हणते. गोजरबाईंना आमंत्रण आलं ते मोबाईलवर. हलणारी फुलं, मागं सनई, खाली 'सहकुटुंब यावे'. तेच आमंत्रण टेंभुर्णीच्या गॅस एजन्सीलाही गेलं असणार.

गोजरबाईंनी फोन पालथा ठेवला. "म्या जानार न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर भांडी इतक्या जोरात घासली की ऋतुजानं दोनदा येऊन विचारलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरीचा, म्हणजे भावजयीचा फोन आला. ती सरळ बाई. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, "वन्सं, तुमी येनार न्हाई असं मला वाटलंच. पर चूक तुमची हाय."

"माजी?"

"तुमी त्येंचं नाव काडून टाकलं की."

गोजरबाईंना आधी कळेचना. मग सिद्धेश्वरीनं सांगितलं. त्या भाऊबिजेहून तो आला तो न जेवताच झोपला. दोन दिवसांनी बोलला. म्हणाला, अक्कानं मला घरातनं काढलं. कफ म्हनाली. मला बिभीषणराव म्हनाली आनि त्याला कफ म्हनाली.

"अगं, मान दिला की त्याला. नव्या सुनंम्होरं."

"मान लोकास्नी देत्यात, वन्सं. त्येंनी तुमचं नाव न्हाई काडलं. रोज सकाळी उठून डोळं चोळत म्हंत्यात, गोजर लई झालीया आज. रागात असले तरी म्हंत्यात."

गोजरबाई फोन कानाला लावून खाली बसल्या. त्यांना स्वतःचाच असा राग आला की काय करावं कळेना. येडूबाबांची लेक, मेंढरावरचा गेरू आपल्या हातानं पुसून बसली, आणि वर म्हणते मेंढरू दूर गेलं. त्या रडल्या. आवाज करून रडल्या, त्यामुळे ऋतुजा धावत आली आणि तिला सगळं सांगावं लागलं. केरामावशीपासून थोरल्या मामांपर्यंत.

ऋतुजा सगळं ऐकून घेत होती. चनमल्लप्पाचं ऐकताना तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण ती हसली नाही.

"म्हणजे मी आल्यापासून तुम्ही सगळे माझ्यासमोर नीट बोलताय?"

"व्हय."

"म्हणून हे संडासात जाऊन पुटपुटत असतात, मामा उठा आता म्हणून? मला वाटायचं फोनवर बोलतात."

"तुला घान वाटंल म्हनून गं," गोजरबाई म्हणाल्या. "तुजे वडील मुख्याध्यापक."

"आमचे बाबा सकाळी पेपर घेऊन निघतात तेव्हा म्हणतात, परिपाठाला जातो. आणि काही झालं नाही तर बाहेर येऊन सांगतात, आज सभा तहकूब. आमच्या घरात सगळ्यांना माहितीये." ऋतुजा आता खरोखर चिडली होती. "मला तुम्ही अजून पाहुणीच धरलंय की, आई."

एका कफाच्या पायी किती माणसं लांब गेली, ते गोजरबाईंच्या ध्यानात येत चाललं होतं. हळदीला जायचं त्यांनी तिथंच ठरवलं. आमंत्रण मोबाईलवर का असेना. भाऊ परत आपला झाला नाही, तर लग्नात आत्या म्हणून मिरवायचं कशाला, आणि मैंदर्गीचं घर मोडून पडल्यावर त्या घरातलं माणूस म्हणून आपल्याला उरलं होतं तरी कोण? एक बिभीषण.

भीमाशंकर दुकान बंद करून लग्नाच्या दिवशी येणार होता. सासू-सून एसटीनं निघाल्या. मोहोळ मागं पडलं आणि ऋतुजाचा चेहरा उतरला. तिला गाडी लागायची. गोजरबाईंनी अंगणवाडीच्या सवयीनं पिशवीतून पिशवी काढली, तिच्या तोंडापुढं धरली, दुसऱ्या हातानं तिची वेणी मागं ओढली. सकाळचे पोहे सगळे बाहेर आले. पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. "काय झालं हो त्यांना?"

"काय न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "ऋतुजा झाली."

बाईला काहीच कळलं नाही. पण पिशवीत तोंड घातलेल्या ऋतुजाला कळलं. तिचे खांदे हलायला लागले आणि गोजरबाईंना वाटलं आणखी येतेय, म्हणून त्यांनी पिशवी घट्ट धरली. ती हसत होती. टेंभुर्णी येईपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक होता आणि ती फार खुशीत होती.

ढाब्यामागच्या पटांगणात मांडव घातला होता. मुलाकडची माणसं पुण्याची. व्याही मंडळी गाद्यांच्या खुर्च्यांवर बसलेली, हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या. बिभीषण पांढऱ्या कडक कुडत्यात, कपाळाला गंध, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडणारा. बहीण दिसली तसा तो पुढं आला. तिच्या पाया पडला. म्हणाला, "या अक्का. प्रवासात काही त्रास नाही ना झाला? बसा. चहा सांगतो."

गोजरबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या धुतलेल्या बोलण्यात त्यांना बसायला कुठं जागाच नव्हती. त्याला बाजूला घेऊन समजावावं, असं त्या बसमध्ये ठरवून आल्या होत्या, पण तो बाजूला यायलाच तयार नव्हता. हात जोडून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळलाही. आजचा दिवस असाच गेला तर हा जन्मभर असाच हात जोडत राहील, हे त्यांना लख्ख दिसलं.

पाटावर प्रियदर्शनी बसली होती. सिद्धेश्वरीनं हळदीची वाटी गोजरबाईंच्या हातात दिली, आत्यानं पहिली हळद लावायची म्हणून. त्यांनी पोरीच्या गालाला बोटं लावली तेवढ्यात स्वयंपाकाकडं कुणीतरी कढईत मिरच्या टाकल्या. खमंग ठसका मांडवभर पसरला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. आणि व्याह्यांशेजारी उभा असलेला बिभीषण खोकायला लागला. छातीच्या तळातून, घरघरत, डोळे लाल होईपर्यंत. मोठा ऐवज वर आला होता, हे गोजरबाईंना नुसत्या आवाजावरून कळलं. त्यानं तोंडावर रुमाल धरला, आजूबाजूला बघितलं, व्याह्यांकडे बघितलं. मग त्याचा घसा हलला. तो बेडका गिळायला लागला.

हे मात्र गोजरबाईंना सहन झालं नाही.

"गिळू नगंस," त्या म्हणाल्या. अंगणवाडीत चाळीस पोरांवर कमावलेला आवाज तो, मांडवभर ऐकू गेला. "बिब्या, बिभीषण अडकलाय तुज्या छातीत. लोकांची काय लाज धरतूस. जा, मोरीवर जाऊन काड त्याला."

विहीणबाईंनी हळूच विचारलं, "कोण अडकलंय म्हणाल्या?"

आता मागं फिरायला वाट नव्हती. गोजरबाईंनी हळदीचा हात वर धरला आणि त्यांना समजावून सांगितलं. "बेडका ओ. आमच्यात बेडक्याला बिभीषण म्हंत्यात. ह्येचंच नाव हाय. ह्यो धाकटा भाऊ माजा."

विहीणबाई व्याह्यांकडे बघू लागल्या आणि व्याही पाण्याच्या बाटलीकडे. प्रियदर्शनी एका गालाला हळद लागलेली, तशीच थिजली. सिद्धेश्वरीनं पदर तोंडाला लावला, ती हसतेय की रडतेय ते कळायला मार्ग नव्हता. बिभीषणचं तोंड लालभडक झालं. तो वळला आणि ताडताड मांडवाबाहेर निघून गेला.

गोजरबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. पोरीच्या हळदीत आपण तिच्या बापाची अब्रू काढली. साठीला आलेल्या माणसाला चार पाहुण्यांत शेंबड्या पोरासारखं बोललो. आता तो कधीच येणार नाही, आणि त्याला कुणी दोषही देणार नाही. ऋतुजा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती, पण त्यांना ते कळलं नाही.

मांडवामागं, पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी खाकरलं. एकदा, दोनदा, मग एकदम पोटातून ओढून. हायवेवरचे ट्रकही क्षणभर थांबले असावेत, असा तो आवाज. मग पचकन काहीतरी पडलं आणि नळ सुटल्याचं ऐकू आलं.

बिभीषण आत आला तेव्हा त्याचा कुडता पुढून भिजलेला होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो व्याह्यांसमोर उभा राहिला. "ही माजी अक्का," तो म्हणाला. ती ढाब्यावरची शेठाची भाषा कुठल्या कुठं गेली होती. "मला हिनं वाडवलं. हिच्या घरात माज्या नावानं थुकत्यात. तुमाला घान वाटलं आसंल तर वाटू द्या."

व्याही उठून उभे राहिले आणि गोंधळून त्यांनी गोजरबाईंना नमस्कार केला.

मग बिभीषण बहिणीपाशी आला. खाली मान घालून, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. "परत माजं नाव पुसू नगंस, अक्के."

"न्हाई पुसत," गोजरबाई म्हणाल्या.

त्याच्या हनुवटीवर थुंकीची एक तार राहिली होती. गोजरबाईंनी लग्नासाठी घेतलेल्या नव्या साडीचा पदर धरला आणि सगळ्यांसमोर ती पुसली. पुसून होईपर्यंत बिभीषण हनुवटी वर करून उभा होता.